वीस सेकंद जुनं उत्तर

तिनं बटण दाबलं आणि खुर्ची मागे सरकवून घड्याळाकडे पाहिलं. पाठीमागे मेजर चहाचा कप धरून मोठ्यानं सेकंद मोजत उभे होते. त्यांच्या तोंडून 'तेरा' निघतंय तोच पडद्यावरच्या हिरव्या रेषा एकामागून एक लाल झाल्या.

"पडला," मेजर म्हणाले. "काल अकरालाच पडला होता. प्रगती आहे म्हणायची."

मेजर सैन्यात कधीच नव्हते. मिशांमुळे त्यांना ते नाव पडलं होतं आणि त्यांनीही ते आनंदानं मिरवलं होतं. दोन खोल्या, चार माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा एवढ्या कंपनीचे ते मालक होते, आणि ती त्या चौघांतली सगळ्यात जुनी. आता तिनं सर्व्हरवर सोडली होती ती खोटी गर्दी होती. दहा हजार माणसं एकाच वेळी साइट उघडताहेत असं भासवणारा एक प्रोग्राम. खरी गर्दी यायला अजून तीन आठवडे होते.

तीन आठवड्यांनी शहराची मोठी दौड होती. एकवीस किलोमीटर, नऊ हजार माणसं. प्रत्येकाच्या छातीवरच्या क्रमांकात एक चकती बसवलेली असे आणि रस्त्यात ठिकठिकाणी रबरी चटया अंथरलेल्या असत. चटईवर पाय पडला की वेळ नोंदली जाई. घरच्यांनी साइटवर क्रमांक टाकायचा, की आपलं माणूस कुठवर पोचलं ते दिसायचं. निदान दिसायला हवं होतं. गेल्या वर्षी, दुसऱ्या एका कंपनीकडे काम असताना, पहिल्या तासातच साइटनं मान टाकली होती. संयोजक पेशानं दंतवैद्य. सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. त्यांना सकाळभर मायकवरून लोकांचे नवरे, बायका आणि आया पुकारत बसावं लागलं होतं.

"यंदाही तसंच झालं, तर पुढल्या वर्षापासून आपण फळ्यावर खडूनं लिहू," काम सोपवताना ते म्हणाले होते. 'थोडंसं दुखेल हं' म्हणताना दंतवैद्य जो आवाज लावतात, त्याच आवाजात.

दुखणं कुठे आहे ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कुणी एक क्रमांक टाकला की प्रोग्राम नोंदींच्या कोठाराकडे, म्हणजे डेटाबेसकडे, धावत जाई आणि अकरा प्रश्न विचारी. नाव काय, गट कोणता, कुठल्या चटया ओलांडल्या, कधी ओलांडल्या, गटात कितवा, शेवटाला अंदाजे कधी पोचेल. अकरा उत्तरं गोळा करून पान तयार होई, दाखवलं जाई आणि टाकून दिलं जाई. पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणी तोच क्रमांक टाकला, की पुन्हा तेच अकरा प्रश्न. डेटाबेस बिचारा तीच ती उत्तरं देऊन दमून जाई.

उपाय ठरलेला होता. एकदा मिळालेलं उत्तर टाकून न देता सर्व्हरच्या मेमरीत, हाताशी ठेवायचं. पुढचा विचारायला आला की तेच द्यायचं. डेटाबेसला उठवायचंच नाही. या हाताशी ठेवण्यालाच कॅश म्हणतात. तिनं तसं करूनही पाहिलं होतं. उत्तरं दहा मिनिटं साठवल्यावर साइट पिसासारखी हलकी झाली. पण मग शर्यत संपवून घरी निघालेला माणूसही साइटवर अजून घामाघूम धावत राही.

"हे तर कालचं वर्तमानपत्र झालं," मेजर म्हणाले होते.

म्हणून आज तिनं मुदत अगदी कमी, दोनच सेकंदांवर आणली होती. त्याचा निकाल समोर लाल दिसत होता.

*

घरी पोचली तेव्हा सासूबाई पायरीवर बसून बूट काढत होत्या. चेहरा टोमॅटोसारखा लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि खुशी मात्र अशी की जणू कुठलं तरी बक्षीसच घेऊन आल्यात.

"बारा!" त्या म्हणाल्या. "मध्ये एकदाही न थांबता!"

"बारा कशाला, बाराशे पळ," आतून अण्णांचा आवाज आला. "पण मला एक सांग, मागे कुणाचं कुत्रं लागलंय का?"

अण्णा म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले, तरी कानामागची पेन्सिल अजून निवृत्त व्हायची होती. बायकोनं बासष्टाव्या वर्षी धावायचे बूट आणले त्या दिवसापासून ते रुसले होते. रुसवा भांडणाचा नव्हता. गुडघ्यांच्या आजारांवरचे लेख मोठ्यानं वाचून दाखवणं एवढंच त्याचं स्वरूप होतं. सासूबाईंनी एकतीस वर्षं बस स्थानकाच्या चौकशी खिडकीमागे बसून काढली होती. 'सगळ्या गावाला गाड्या दाखवल्या, मी मात्र खुर्चीतच,' असं त्या म्हणत. आता मोठ्या दौडीसाठी त्यांनी नाव दिलं होतं. क्रमांक मिळाला होता चार हजार एकशे सत्तावीस.

सुनेचा उतरलेला चेहरा त्यांनी लगेच टिपला.

"काय गं? मेजर ओरडले का?"

"नाही हो आई. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कौतुक करताहेत."

नवरा कामासाठी दोन महिने परगावी होता, त्यामुळे हल्ली ऑफिसातलं सगळं गाऱ्हाणं सासूबाईंच्याच पदरात पडे. पायरीवर त्यांच्या शेजारी बसून तिनं सगळं सांगितलं. अकरा प्रश्न, दहा मिनिटं, दोन सेकंद. सासूबाईंनी मोजे उलटे करून झटकले.

"अगं, मग आम्ही काय करायचो? समोर ही एवढी रांग. दर माणसाला वेळापत्रक उघडून थोडंच सांगायचे? सकाळी एकदा बघायचं, मग उत्तर ओठांवर तयार. साडेनऊची कुठे लागते? चार नंबर. झालं. पुढचा."

"आणि गाडी उशिरा असली की?"

"मग थोडा वेळ मी खोटं बोलायचे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण कशात किती वेळ खोटं चालतं, ते मला ठाऊक होतं. तिकिटाचे दर वर्षभर तेच. फलाट दिवसभर तोच. गाडी सुटली का, एवढं मात्र दर मिनिटाला खिडकीतून डोकावून बघायचं. सगळ्याला एकच माप लावलं असतं, तर एक तर मी वेडी झाले असते, नाही तर लोकांच्या गाड्या चुकल्या असत्या."

सुनेनं पिशवीतून वही काढून ते लिहून घेतलं.

"आणि हे बघ," त्या पुढे म्हणाल्या, "मी बघायला उठले की अख्खी रांग माझ्यामागे आत घुसायची नाही. मी एकटी जायचे. तोवर शेजारची मैत्रीण सगळ्यांना जुनंच सांगायची."

"आई, तुम्ही आमच्याकडे नोकरी करता का?"

"पगार किती?"

आतून अण्णा बाहेर आले. घसा खाकरून, इकडेतिकडे बघत सुनेला म्हणाले, "ते... सकाळी फोनवर तू कुणाला तरी सांगत होतीस, कॅश कमी पडतेय म्हणून. अडचण असेल तर संकोच करू नकोस. माझ्याकडे थोडे बाजूला ठेवलेले आहेत."

दोघी आधी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या की सासूबाईंच्या हातातला मोजा पायरीखाली पडला. अण्णांना आपलं काय चुकलं ते कळलं नाही. पण घरात असं हसू बऱ्याच दिवसांनी ऐकल्यामुळे तेही थोडे हसले आणि पुन्हा गंभीर होऊन आत गेले.

त्या आठवड्यात तिनं सगळं नव्यानं लिहिलं. नाव आणि गट दिवसभर मेमरीत. गटातला क्रम दोन मिनिटं. माणूस कुठे पोचला ते वीस सेकंद. मुदत संपलेलं उत्तर नव्यानं आणायला एकच विनंती आत जाणार. तोवर बाकीच्यांना जुनंच मिळणार. शुक्रवारी तिनं पुन्हा खोटी गर्दी सोडली. मेजरांनी तीनशेपर्यंत मोजलं, मग कंटाळून खाली बसले. चहा कधीच गार झाला होता. रेषा हिरव्याच होत्या.

*

दौडीच्या सकाळी त्यांना मैदानाची कपडे बदलायची खोली मिळाली होती. लाकडी बाकावर दोन संगणक, भिंतीवर रिकाम्या खुंट्या, आणि उंचावरच्या खिडकीतून ऐकू येणारे ढोल, शिट्ट्या, टाळ्या. साडेसहाला बंदूक उडाली. सात वाजता साइटवर चार हजार माणसं होती, आठला चौदा हजार. डेटाबेस मात्र दुपारच्या जेवणानंतरच्या कारकुनासारखा निवांत होता. शंभरातल्या सत्त्याण्णव उत्तरांसाठी त्याला कुणी हाकच मारत नव्हतं.

"मला काही तरी काम दे," मेजर म्हणाले. "नुसतं बसून माझं रक्त आटतंय."

ती अधूनमधून चार हजार एकशे सत्तावीस टाकून बघत होती. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर. आठ सदतीसला पंधरा. सासूबाई घड्याळासारख्या धावत होत्या. तीन तासांची मर्यादा होती. साडेनऊला शेवटची कमान बंद. हिशेबानं त्या एक मिनिट राखून पोचणार होत्या.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. अण्णा.

"तुमचं ते यंत्र बिघडलंय," त्यांनी एकदम सुरुवात केली. "पंधरावरच अडकून बसलंय. अठरा यायला हवं होतं."

"तुम्ही साइट बघताय, अण्णा?"

"मी कशाला बघू? कपाटाची बिजागरी बसवतोय मी. सहज उघडलं, तर हे असं."

तिनं क्रमांक टाकला. पंधरा किलोमीटर, आठ सदतीस. वीस सेकंदांनी पुन्हा. तेच. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आत आले, गळ्यात ओळखपत्राच्या तीन दोऱ्या आणि कपाळावर घाम.

"मॅडम, बाहेर लोक आरडाओरडा करताहेत. कुणाची बायको पंधरावर, कुणाचा भाऊ पंधरावर. तुम्ही जुनं साठवून दाखवताय म्हणे. ते सगळं पुसून टाका बघू आधी."

मेजरांचा हात कळफलकाकडे गेलाच. सगळी मेमरी रिकामी करायला एक ओळ पुरेशी होती. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा. आत्ता पुसलं, तर चौदा हजार माणसं एकदम डेटाबेसवर पडतील. तेरा सेकंद, मेजर. तुम्हीच मोजले होते."

"पण चुकीचं दाखवत असेल तर?"

"चुकीचं आहे का ते बघते ना."

तिनं कॅशला बगल देऊन थेट डेटाबेसला विचारलं, फक्त एका माणसाबद्दल. उत्तर आलं: पंधरा किलोमीटर, आठ सदतीस. म्हणजे साठवलेलं खोटं नव्हतं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला: अठराच्या चटईवर शेवटचा पाय कधी पडला? आठ एकोणसाठ. त्याआधी दर मिनिटाला पंधरावीस माणसं. त्यानंतर अकरा मिनिटांत एकही नाही.

"चटई खराब झाली," मेजर म्हणाले.

"चटई दर मिनिटाला 'मी जागी आहे' म्हणून कळवतेय." तिनं डॉक्टरांकडे वळून पाहिलं. "डॉक्टर, साइट खरं बोलतेय. माणसंच थांबलीत. पंधरा आणि अठराच्या मध्ये काही तरी झालंय. काय आहे तिथे?"

डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. दंतवैद्याचं असं क्वचितच होतं.

"रेल्वेचं फाटक," ते म्हणाले, आणि फोन कानाला लावून बाहेर धावले.

पुढची चार मिनिटं फार लांब होती. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. फाटकाशी काय झालं असेल याची चित्रं डोळ्यांपुढे यायला लागली तशी तिनं खिडकीबाहेरच्या ढोलाचे ठोके मोजायला घेतले. मग दारात डॉक्टर दिसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"अडकलंय! गाडी गेली आठ बावन्नला, आणि फाटक वर जायलाच तयार नाही. चारशे माणसं अलीकडे उभी आहेत. आमच्या स्वयंसेवकाला वाटलं, इथे सगळ्यांना ठाऊकच आहे!"

"आणि माणसं?"

"मजेत आहेत. कुणी तरी बाई म्हणे सगळ्यांना ओळीनं उभं करून पायांचे व्यायाम करून घेतेय. 'गाडी सुटेपर्यंत रांग मोडायची नाही' म्हणून दम भरतेय."

ती मटकन बाकावर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मेजरांनी आपला रुमाल पुढे केला, मग तो तितकासा स्वच्छ नाही हे पाहून मागे घेतला.

"डॉक्टर, कमान साडेनऊला बंद होणार," ती म्हणाली.

"फाटक जितकी मिनिटं बंद, तितकी मिनिटं कमान उघडी," डॉक्टर म्हणाले. "मीच जाहीर करतो. साइटवरही टाका. साइट चालू आहे ना?"

"चालू आहे."

"नसती, तर चारशे माणसं पोचायच्या आत मी कमान उतरवून घरी गेलो असतो." काही तरी मोठं बोलायचं होतं त्यांना. पण "बरं झालं नाही पुसलं" एवढंच म्हणून ते गेले.

तिनं घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आतच तो उचलला गेला.

"फाटक अडकलंय, अण्णा. आई ठणठणीत आहेत. लोकांकडून व्यायाम करून घेताहेत."

"हं," अण्णा म्हणाले. "तेच म्हटलं. बिजागरी राहिलीय माझी." फोन ठेवला गेला.

नऊ एकोणीसला फाटक उघडलं. नऊ चोवीसला अठराच्या चटईवर पहिला पाय पडला आणि मग जणू बांध फुटला. मिनिटाला साठ, ऐंशी, शंभर. साइटवर माणसं वाढून सतरा हजार झाली. सर्व्हर कोणत्या क्रमांकाच्या चौकशीनं सर्वांत जास्त गुंतलाय हे पाहावं म्हणून तिनं यादी उघडली. सर्वांत वर शर्यत जिंकलेला तरुण असणार, अशी तिची खात्री होती. तो दुसरा होता. पहिला होता चार हजार एकशे सत्तावीस. सकाळपासून सहाशे अकरा वेळा, आणि त्यातले जवळजवळ सगळे एकाच ठिकाणाहून. त्या ठिकाणाचा पत्ता तिला पाठ होता. स्वतःच्या घरचं इंटरनेट तिनंच तर जोडून घेतलं होतं.

पहिली विचारणा सहा वाजून एकतीस मिनिटांची होती.

"काय झालं?" मेजरांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मी जरा बाहेर जाऊन येते. तुम्ही बसा. काहीही पुसू नका."

*

बाहेर ऊन चढलं होतं. कमानीच्या दोन्ही बाजूंना माणसं कठड्याला रेलून हातातले फलक हलवत होती. ज्यांची माणसं केव्हाच पोचली होती तेही थांबले होते. फाटकाची गोष्ट सगळीकडे पसरली होती आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला विजेत्यासारखी टाळी मिळत होती. एक बाई आपल्या नवऱ्याला ओरडून सांगत होती, "आता चालू नको, बघताहेत सगळे!"

गर्दीतून वाट काढताना तिला कठड्याशी एक ओळखीची पाठ दिसली. घरात घालायचा सदरा, पायात स्लिपर, कानामागे पेन्सिल. घर इथून वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. ते इतके धापा टाकत होते, त्या अर्थी वीस मिनिटं लागली नसावीत.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अण्णांनी मान वळवली नाही. फोन डोळ्यांजवळ धरून ते बोटानं पडदा खाली ओढत होते, सोडत होते, पुन्हा ओढत होते.

"अठरावरच आहे," ते म्हणाले. "नऊ सव्वीसपासून अठरावरच आहे. आणि कमान नऊ सत्तावन्नला बंद करणारेत."

"येतील."

"तीन किलोमीटरला इतका वेळ लागतो का? हे ताजं असतं ना गं?"

"फार तर वीस सेकंद जुनं, अण्णा."

त्यांनी पुन्हा बोट ओढलं. टाळ्यांची एक लाट डावीकडून सरकत येत होती. तिनं तिकडे पाहिलं. कमानीवरच्या घड्याळात नऊ त्रेपन्न वाजले होते आणि त्याखालून, लाल चेहरा, चिकटलेले केस, कोपर थोडे बाहेर काढून, एका अनोळखी मुलीचा हात धरून सासूबाई येत होत्या. चटईवर त्यांचा पाय पडला. अण्णा फोनकडेच बघत होते.

"अजून अठराच," ते पुटपुटले.

"अण्णा," ती म्हणाली, "वर बघा."

त्यांनी वर पाहिलं.

सासूबाईंनी त्यांना आधीच पाहिलं होतं. त्या मुलीचा हात सोडून तशाच धापा टाकत कठड्यापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी तो धरून उभ्या राहिल्या. अण्णांनी सदऱ्याच्या बाहीनं बायकोचं कपाळ टिपलं, एकदा, मग पुन्हा एकदा, भर गर्दीत, सगळ्यांसमोर.

"स्लिपर घालून आलात?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"हे धर जरा," अण्णा सुनेला म्हणाले आणि फोन तिच्या हातात कोंबून कठड्याच्या दोन दांड्यांमधून पलीकडे जायला वाकले. अर्ध्यात अडकले. सासूबाईंनी हसत हसत त्यांना खांद्याला धरून ओढायला सुरुवात केली.

फोन अजून उघडाच होता. सवयीनं तिनं बोट ओढून सोडलं, आणि अठरा गेलं. तिथे आलं: शर्यत पूर्ण, नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं. दाखवावं म्हणून तिनं फोन पुढे केला. मग त्या दोघांकडे पाहून तसाच हळूच खाली घेतला.